बेल्टमागचा माणूस

४ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ६.१०

नवी वही. जुनी अर्धीच भरली होती, पण तिच्यात जोलीनने किराणा लिहायला सुरुवात केली. बायकोपुढे इतिहासाचं काही चालत नाही.

मोठी बातमी. व्हर्न ऑस्टबी या मोसमानंतर निवृत्त होतोय. व्हर्न म्हणजे आमच्या केटल फोर्क स्टेट कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल विभागाचा व्यवस्थापक. बस, हॉटेलं, जेवणं, सरावाचं वेळापत्रक, सगळं त्याच्या सहीने. सव्वीस वर्षं बसून खुर्चीला स्वतःचा आकार दिलाय गड्याने. डिसेंबरात ती रिकामी होणार.

माझं नाव कुणी काढलं नाही. काढायची गरजच नाही, इतकं ते उघड आहे.

सध्याचं पद: मुख्य कोचचे विशेष सहायक. दारावर पाटी आहे, 'लोवेल प्रोहास्का, विशेष सहायक'. खोलीत झाडू आणि बादल्याही असतात, पण पाटी एकट्या माझ्या नावाची आहे.

आजपासून रोज सहाला ऑफिसात. व्यवस्थापनाचा आराखडा लिहायचा, निदान साठ पानं. च्युइंगम बंद. बसल्या जागी गुडघा हलवणं बंद. जोलीन म्हणते मी जेवायला बसलो की कपातली कॉफी नाचते.

५ ऑगस्ट, मंगळवार

पोचलो ६.५०. रस्त्यात ट्रॅक्टर होता.

मार्लिसबाई आधीच आलेल्या. मार्लिस ट्वेड, ऑफिसातल्या बाई, वय एकसष्ट, एकतीस वर्षं तिथेच. एका कानाला फोन, दुसऱ्या हाताने टाइप, आणि पायाने ओलं फडकं पुढे सरकवत फरशीवरची कॉफी पुसत होत्या. मी सांडली होती, काल.

त्यांना कामाची माहिती भरपूर, पण दृष्टी नाही. कागदामागे कागद, बस. तरी मी ठरवलंय, खुर्चीत बसल्यावर त्यांना ठेवून घ्यायचं. आपण मोठं व्हायचं तर मनही मोठं हवं.

३० ऑगस्ट, शनिवार

पहिला सामना, आमच्याच मैदानावर. २७-१०. जिंकलो.

शनिवारी मला एक जादा काम असतं. तात्पुरतं आहे, गेली दोन वर्षं. कोच गॅरिक ब्रॅनॉक यांचा बेल्ट मागून धरून उभं राहायचं. मैदानाच्या कडेने पांढरी पट्टी आखलेली असते. खेळ चालू असताना तिच्यात फक्त पंचाने पळायचं. आमच्यापैकी कुणी पाऊल टाकलं की आधी ताकीद, मग अख्खा संघ पाच यार्ड मागे. आणि धडक बसली पंचाला तर पंधरा. आता कोच असा माणूस आहे की खेळ तापला की त्याला पट्टी दिसत नाही, पंच दिसत नाही, हेल्मेट घातलेली पोरं सोडली तर जगात काहीच दिसत नाही. सव्वासहा फूट उंची, एकशे तीस किलो. तो निघाला की मी मागे ओढायचं. दोन वर्षांत आमच्या कोचवर पंचाने एकदाही दंडाची पिवळी झेंडी टाकलेली नाही.

मनगटात ताकद हवी, बस. डोकं लागत नाही. म्हणून तर मी हे काम आराखड्यात घेतलेलंच नाही.

आज पाहुण्या संघाचा एक जण माझ्याकडे बोट दाखवून हसला. हसू दे. डिसेंबर लांब नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी ३

आराखड्याचं मुखपृष्ठ तयार. तीन तास लागले. नाव ठेवलं 'उद्याचा विभाग'. मग 'परवाचा विभाग' केलं, म्हणजे जास्त पुढचं वाटेल. मग परत 'उद्याचा'.

च्युइंगम चालू. पण साखर नसलेलं.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

व्हर्नच्या गुडघ्याचं ऑपरेशन. सहा आठवडे घरी. कोचने मला बोलावून सांगितलं की चार ऑक्टोबरला पश्चिमेकडे जायचंय, तेवढ्या दौऱ्याचं वेळापत्रक तू कर. मार्लिसला विचारून कर, असंही म्हणाला, पण ते दारातून बाहेर पडताना, त्यामुळे ते मुख्य वाक्यात धरता येत नाही.

घोडामैदान जवळ आलं. चार-पाच मैल चालून आलो, एका जागी बसवेना.

२४ सप्टेंबर, बुधवार

वेळापत्रक पूर्ण. चार रंगांत. मार्लिसबाईंनी पाहायला मागितलं. म्हटलं, छापून झाल्यावर बघा. त्या म्हणाल्या की नदीपलीकडे घड्याळ बदलतं, ते धरलंयस ना? मी हसलो. साउथ डकोटात जन्मलेल्या माणसाला हे सांगावं लागतं का? राज्याचा पूर्वेचा अर्धा भाग एका वेळेवर, पश्चिमेचा दुसऱ्या. तासाचा फरक. शेंबडं पोरसुद्धा सांगेल.

४ ऑक्टोबर, शनिवार. रात्री ९, बसमध्ये

जिंकलो, १६-१३. त्यामुळे बाकीच्या गोष्टींना महत्त्व नाही. तरी नोंद असावी म्हणून लिहितो.

तासाचा फरक मी धरला होता. तो कुठल्या बाजूने धरायचा यावर दोन मतं असू शकतात. सामना तिकडच्या एक वाजता. आपल्याकडे तेव्हा दोन वाजलेले असतात. मी बारा धरले. म्हणजे एकाच्या जागी दोन तासांची चूक, पण लवकरच्या बाजूने. उशिराच्या बाजूने झाली असती तर बोलायला जागा होती.

प्रत्यक्षात काय झालं, तर चौऱ्याहत्तर पोरं पहाटे पाचला उठून, अंघोळी करून, कोट-टाय घालून हॉटेलच्या जेवणघरात हजर. जेवणघराला कुलूप. सामन्याआधी चार तास कोंबडी आणि पास्ता खायचा असतो, तो नऊला होणार होता. कारण मार्लिसबाईंनी दोन दिवस आधी मला न विचारता हॉटेलला फोन करून खरी वेळ कळवून ठेवली होती. मी विचारलं, मग मला का नाही कळवलंत? त्या म्हणाल्या की तीन चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. झाडूला चिकटवलेले कागद मी वाचत नाही, ते माझं खातं नाही.

पोरं दोन तास कुलपाकडे बघत बसली. कोच माझ्याकडे बघत बसला. नुसता नाकाने श्वास घेत होता.

पण पोरं खेळली कशी. भुकेल्या लांडग्यांसारखी. यावर आराखड्यात एक प्रकरण करायचं, 'पूर्व-सामना प्रतीक्षेचे लाभ'.

७ ऑक्टोबर, मंगळवार

यापुढे सगळी वेळापत्रकं मार्लिसबाईंच्या नजरेखालून जातील, असा नियम. मीच सुचवणार होतो, कोचने आधी काढला. आमचे विचार किती जुळतात ते यावरून दिसतं.

११ ऑक्टोबर, शनिवार

पुन्हा जिंकलो, ३१-२८. सहा सामने, पाच जिंकले. गावात लोक रस्त्यात थांबवून विचारायला लागले. हार्डवेअरच्या दुकानात एक म्हातारा म्हणाला की एकोणीस वर्षांनी बाद फेरी दिसणार वाटतं. माझ्या खांद्यावर थापटलं त्याने. आधी मला वाटलं ओळखलं. मग विचारलं की तू तोच ना, कोचला धरून उभा असतोस तो.

मनगट सुजलंय. आज कोच अकरा वेळा निघाला. शेवटच्या दहा मिनिटांत मी माझ्या मुद्द्यांची वही उघडूही शकलो नाही. हीच खरी अडचण. एक हात बेल्टवर अडकलेला असताना माणसाने विभागाचा विचार कसा करायचा? साहेबलोक येतात, बघतात, त्यांना दिसतो एक माणूस दुसऱ्याच्या विजारीला लोंबकळताना. वही आणि पेन घेतलेला माणूस दिसायला हवा.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

उपाय सापडला. शेतीसामानाच्या दुकानात. मोठ्या कुत्र्यासाठीची जाड दोरी, टोकाला पोलादी आकडा. आकडा कोचच्या बेल्टमध्ये, दुसरं टोक माझ्या कमरेला. दोन्ही हात मोकळे. ओढायचं तर नुसतं मागे बसल्यासारखं करायचं, सगळं वजन आपोआप कामाला लागतं.

कोचला दाखवलं. तो खेळाच्या चित्रफिती बघत होता. म्हणाला, काय करायचं ते कर, मला जाणवू देऊ नकोस.

जोलीनला दाखवलं. तिने दोरी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. विचारते, "तुमच्यातला कुत्रा नक्की कोण?"

दातांच्या दवाखान्यात काम करून करून तिला सगळीकडे कीड दिसते.

१८ ऑक्टोबर, शनिवार

दोरी यशस्वी. कोच नऊ वेळा निघाला, नऊही वेळा थांबला. मी उभ्या उभ्या सात पानं मुद्दे लिहिले. कॉलेजच्या क्रीडा संचालक बाई माझ्याकडे दोनदा पाहून गेल्या. दुसऱ्यांदा जरा जास्त वेळ.

एवढंच की कोचने एकदा मागे वळून विचारलं, आहेस ना? मी म्हटलं, आहे. तो म्हणाला, हात लागत नाही म्हणून विचारलं. सवयीचा भाग आहे. होईल.

२८ ऑक्टोबर, मंगळवार

आराखडा ४१ पानं. त्यातली नऊ परिशिष्टं. गुडघा हलवणं चालूच. ऑफिसात मार्लिसबाईंनी माझ्या टेबलाखाली जाड पुठ्ठा सरकवला. त्यांच्या टेबलावरच्या कुंडीतली माती सांडते म्हणाल्या.

त्यांना सहज म्हटलं, पुढच्या वर्षी तुमच्यावरचा भार मी हलका करीन. त्या फोनवर बसवाल्याशी बोलत होत्या. फोन झाकून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "लोवेल, शनिवारी नीट जेवून येत जा. तू उपाशी असलास की चुळबुळ करतोस." मग परत बसवाल्याशी.

मुद्द्याचं कधी बोलणार नाहीत. दृष्टी नाही, ती नाहीच.

४ नोव्हेंबर, मंगळवार

एक मोठं पाऊल टाकलं. व्यवस्थापनाच्या माणसाने खेळात तोंड घालू नये असं म्हणतात, पण डोकं चालतं त्याला मी काय करू? रविवारी सामन्याच्या चित्रफिती कापताना एक डाव सुचला. सगळे उजवीकडे पळतात, चेंडू घेतल्याचं सोंग करत. फेकणारा थांबतो, आणि डावीकडे एकटा राहिलेला धिप्पाड गडी चेंडू झेलतो. कागदावर काढून कोचच्या टेबलावर ठेवला. खाली सही.

५ नोव्हेंबर, बुधवार

कागद टेबलावर नाही. म्हणजे वाचला.

६ नोव्हेंबर, गुरुवार

मार्लिसबाई म्हणाल्या की सफाईवाल्याने टेबल आवरलं. त्यांना सगळं माहीत असतं असं नाही.

१२ नोव्हेंबर, बुधवार. सकाळी ५.४०

दहातले आठ जिंकलो. शनिवारी शेवटचा सामना, आमच्या मैदानावर, शेजारच्या कॉलेजशी. जिंकलो तर बाद फेरीत. एकोणीस वर्षांनी. गावातल्या बेकरीने आमच्या रंगाचा केक खिडकीत ठेवलाय. मला घास उतरत नाही. उठतो, बसतो, उठतो. आराखडा ६२ पानं झाला, बांधून आणला, तीन प्रती. सोमवारी संचालक बाईंच्या टेबलावर ठेवणार, विजयाच्या दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या. घाई दिसता कामा नये.

१५ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ७

झोप तीन तास. जेवण नाही. हवा थंड, वारा उत्तरेकडून. दोरी तपासली. आकडा तपासला. वही, दोन पेनं. आज सगळ्यांना दिसेल.

१५ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी ६.३०

क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं तर दिसेल की माझी चूक फार कमी आहे.

शेवटची सतरा सेकंदं. आम्ही २०-२४ ने मागे. चेंडू त्यांच्या गोलरेषेपासून तेवीस यार्डांवर, ती ओलांडली की सहा गुण. सात हजार माणसं उभी. कोचने डाव सांगितला, मला ऐकू आला नाही. पोरं रांगेत उभी राहिली. चेंडू सुटला. सगळे उजवीकडे पळाले.

माझा डाव.

मी डोळ्यांनी पाहिलं. सगळे उजवीकडे, फेकणारा थांबलेला, आणि डावीकडे, आमच्याच बाजूला, तो धिप्पाड गडी एकटा. चेंडू हवेत होता. तीन महिने, बासष्ट पानं आणि झाडूची खोली, सगळं त्या चेंडूबरोबर हवेत होतं. गड्याने झेलला. पळाला. आणि मीही पळालो. नाचलो म्हणा. दोन्ही हात वर, वही उडाली.

कोच आज हललाच नव्हता, हे लिहायला हवं. आयुष्यात पहिल्यांदा तो पट्टीच्या मागे, दोन्ही पाय जमिनीवर ठेवून, शांत उभा होता. मी त्याच्या बाजूने पुढे उडी घेतली. मी नव्वद किलो. दोरी ताणली. कोच बेसावध होता, तो आडवा माझ्यामागून आला. समोरून पंच धावत येत होता, डोळे चेंडूवर.

मग आम्ही तिघं पांढऱ्या पट्टीत. पंच खाली, त्यावर कोच, आणि मी दोरीच्या टोकाला.

गडी गोलरेषेच्या चार यार्ड अलीकडे मैदानाबाहेर ढकलला गेला होता. नऊ सेकंदं उरलेली. चार यार्ड, नऊ सेकंदं. दोनदा प्रयत्न करता आला असता.

पिवळी झेंडी माझ्या बुटावर पडली. पंधरा यार्ड मागे. चाराचे एकोणीस.

पहिला चेंडू जमिनीवर. दुसरा झेलला, आणि पोराला रेषेच्या दोन यार्ड अलीकडे आडवं पाडलं. वेळ संपली.

आकडा निघेना. वजनाने वाकला होता. पोरं रडत आत जात होती आणि मी कोचच्या मागे, दीड हातावर, चालत होतो. शेवटी मार्लिसबाई आल्या, पर्समधून कात्री काढून त्यांनी दोरी कापली. कोच तसाच पुढे गेला.

१६ नोव्हेंबर, रविवार

पेपरात कोच म्हणाला, "पट्टीत मी होतो. चूक माझी." माझं नाव नाही.

केवढा माणूस. आपल्या माणसाला असं झाकतो, म्हणजे त्याच्या मनात माझ्यासाठी जागा पक्की आहे. जोलीनला वाचून दाखवलं. तिने माझ्यापुढे अंडी ठेवली आणि खाईपर्यंत समोर बसून राहिली.

तो डाव माझा नव्हता म्हणे. हल्ल्याचे डाव बसवणाऱ्या कोचने सांगितलं, मी न विचारता. नऊ वर्षं त्यांच्या वहीत आहे, यंदा तीनदा खेळले. मी तीनही वेळा मुद्दे लिहीत असणार.

१७ नोव्हेंबर, सोमवार

आराखडा दिला.

३ डिसेंबर, बुधवार

मुलाखत झाली. उत्तम. संचालक बाईंनी आराखड्याची जाडी बोटांनी मोजली. त्यांनी एकच खरा प्रश्न विचारला. व्हर्न सहा आठवडे नव्हता, तेव्हा हे सगळं कोण चालवत होतं? म्हटलं, आम्ही सगळे मिळून. त्या म्हणाल्या, ठीक. सगळा वीस मिनिटांचा कार्यक्रम होता, आठ मिनिटांत आटोपला. निर्णय झाला असला की वेळ लागत नाही.

१० डिसेंबर, बुधवार

मार्लिस ट्वेड.

टाळ्या वाजल्या. व्हर्न कुबडी टाकून उभा राहून वाजवत होता. पोरांनी बाकं बडवली. मीही वाजवल्या. बाई खाली मान घालून म्हणाल्या की चला, बसची बुकिंगं राहिलीत.

मी कोचच्या खोलीत गेलो. बसलो नाही. मी विचारलं, विशेष सहायक म्हणून दोन वर्षं काढली, त्याचं काय? आवाज चढला माझा. त्याने खुर्ची पुढे केली. मग सांगितलं, सावकाश, माझ्याकडे न बघता.

"माझी पहिली नोकरी गेली ती पंचाला ढकललं म्हणून. दुसरीही जाता जाता राहिली. इथे आलो तेव्हा म्हटलं, मला एक धरणारा द्या. पण 'धरणारा' असं पद कागदावर लिहिता येत नाही. म्हणून 'विशेष सहायक' लिहिलं. सहा माणसं करून पाहिली, प्रोहास्का. कुणी जोरात ओढायचा, कुणी उशिरा. तू आलास आणि मला मागे कुणी आहे हे विसरायला झालं. दोन वर्षं मी निर्धास्त उभा राहिलो, आयुष्यात पहिल्यांदा. तेवढंच काम होतं. आणि तेच तुला काम वाटलं नाही."

मी म्हटलं, मनगट सुजलं होतं. तो म्हणाला, मला सांगायचं होतंस.

बाहेर आलो. पार्किंगमध्ये गाडी सापडेना. समोरच उभी होती.

११ डिसेंबर, गुरुवार

मार्लिसबाईंनी बोलावलं. मी राजीनामा लिहून नेला होता, छोटा, दीड पान. त्यांनी तो न वाचता कुंडीखाली ठेवला. पुढच्या मोसमात जेवणाची पाकिटं तू बघ, म्हणाल्या. प्रवासातली. चौऱ्याहत्तर अधिक बावीस. मोजून. आणि बेल्टचं काम बर्ट हौगेनकडे देतेय. बर्ट म्हणजे वजनं उचलायला शिकवणारा कोच, मान आणि खांदा यांत फरक नसलेला. त्याला तू शिकव, वसंतातल्या सरावापर्यंत.

मी म्हटलं, त्यात शिकवण्यासारखं काय आहे?

"मग दहा मिनिटांत होईल," बाई म्हणाल्या.

पाकिटांचं काम तात्पुरतं आहे असं मी धरतोय. बाई एकसष्टच्या. चार वर्षांत त्याही निवृत्त होतील. आराखडा तेव्हाही लागू पडेल, तारखा तेवढ्या बदलायच्या.

९ एप्रिल, गुरुवार

बर्टला शिकवलं. चाळीस मिनिटं बोललो. माझं मलाच आश्चर्य वाटलं. त्याला सांगितलं की बेल्टचा मधला भाग धरायचा नाही, डावीकडचा, कारण कोच उजव्या पायाने निघतो. मूठ आवळायची नाही, दोन बोटं आत, अंगठा बाहेर. शिट्टीच्या आधी तो श्वास धरतो, तेव्हा आपण अर्धं पाऊल मागे आधीच असायचं. ओढायचं नाही, आपण जड व्हायचं. आपल्या बाजूचा माणूस पडला तर तो ओरडतो, पण जात नाही. समोरच्या पंचाने मान हलवली की जातो. आणि सामन्याच्या शेवटी तो स्वतःच मागे रेलतो, थकून, तेव्हा सोडायचं नाही. तेव्हा तर नाहीच.

बर्ट लिहून घेत होता. पान भरलं, मागच्या बाजूला लिहिलं. विचारतो, हे सगळं कुठे लिहिलेलं आहे का? मी म्हटलं, नाही. बासष्ट पानांत एक ओळ नाही.

११ एप्रिल, शनिवार

वसंतातला सराव सामना. आपल्याच पोरांच्या दोन तुकड्या. ऊन होतं, गवत ओलं. मी कुंपणाशी, पाकिटांची खोकी घेऊन. शहाण्णव. दोनदा मोजली.

बर्ट कोचच्या मागे. दोन बोटं आत, अंगठा बाहेर, बरोबर धरलं होतं. तिसऱ्या डावाला समोरच्या पंचाने मान हलवली. कोच निघाला. बर्ट वेळेवर जड झाला. कोच जागच्या जागी थांबला, मान वळवली नाही, डोळे मैदानावरच. आणि मागे न बघता म्हणाला, "बरं झालं, प्रोहास्का."

मी तीस यार्डांवर होतो. "हो, कोच," म्हणालो. कुणाला ऐकू गेलं नाही.

बर्टने दुरुस्त केलं नाही. चांगला माणूस आहे. काम येईल त्याला.

मग मार्लिसबाईंनी हात केला, म्हणजे पहिल्या तुकडीची पाकिटं. मी खोकी उचलली. वाटून झाल्यावर दोन कमी पडली. तिसऱ्यांदा मोजायला हवी होती.